बिनछापाचा बेंड पाइप आणि सायलेन्सर: घ्यावा का?
जळगाव-धुळ्याकडे जुन्या ट्रायम्फ, बीएसए आणि कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट मोटारसायकलींना बसवायला बिनछापाचे, म्हणजे कंपनीचं नाव नसलेले, बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरपर्यंत धूर नेणारी नळी) आणि सायलेन्सर मिळतात. दिसायला देखणे, टिकायला कच्चे.

खरी गोम क्रोमखालच्या निकेलमध्ये आहे. गंज अडवतो तो निकेलचा थर. तो पातळ असला की क्रोमच्या बारीक भेगांतून ओल लोखंडापर्यंत पोचते आणि बेंडच्या पोटाशी तांबडे ठिपके उठतात. त्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल तापलेल्या पाइपवर भाजून बसतो. तो खरवडू नका; पाइप गार झाल्यावर ओलं फडकं गुंडाळून भिजवा, मग पुसा.

सायलेन्सर मात्र आतून सडतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. शेतापर्यंत दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की ते पाणी आतच साचतं. सर्वांत खालच्या जागी 3 मिमीचं छिद्र पाडा आणि अधूनमधून वीसेक किलोमीटर सलग चालवा.

ब्रॅकेटजवळ तडा गेला तर दोष बहुधा बसवण्याचा. आधी सगळे बोल्ट सैल ठेवा, पोर्टकडची (इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या तोंडाकडची) बाजू आवळा, ब्रॅकेट शेवटी. भोक जुळत नसेल तर पाइप ताणू नका, फटीत वॉशर घाला.

पाइप निळा पडला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), टायमिंग मागे (ठिणगी उशिरा) किंवा पोर्टपाशी गळती, हे तिन्ही आधी तपासा.

बेंड पाइप चालेल. सायलेन्सर घेताना 18 गेजपेक्षा (सुमारे 1.2 मिमी) पातळ पत्रा असेल तर परत ठेवा.