वाचताना अडणारं मूल: गावची शाळा, इंग्रजी माध्यम की मुंबई?

तिसरी-चौथीत जाऊनही मूल अडखळत वाचतं. शाळा म्हणते, लक्ष नाही. मे महिन्यात आलेले चाकरमानी म्हणतात, "आमच्याकडे पाठवा, मुंबईत सोयी आहेत." रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत हा निर्णय असा जूनच्या तोंडावर, घाईत होतो. समोर साधारण तीन वाटा असतात: गावची जिल्हा परिषदेची शाळा, तालुक्याची इंग्रजी माध्यमाची शाळा, नाहीतर काका-मावशीचं घर.

आधी अडचण नीट ओळखा. तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर 'समुद्रकिनारा' वाचत होता. 'समु' जमलं, 'द्र'पाशी थांबला आणि 'समोर' म्हणून मोकळा झाला. 'कि'ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तोंडात मात्र 'क' आधी येतो. तिथे तो पुन्हा अडला. हाच मुलगा रापण कशी ओढतात, उधाण कोणत्या तिथीला येतं, हे घडाघडा सांगतो. अशी अडचण डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अध्ययन अक्षमतेची असू शकते. त्यात बुद्धी कमी नसते आणि दोष डोळ्यांचाही नसतो. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं मेंदूला जड जातं, आणि हे बऱ्याचदा घराण्यातून आलेलं असतं. यावर औषध नाही, पण शिकवण्याची पद्धत आहे. घरी मालवणी बोलणारं मूल 'मला'च्या जागी 'माका' वाचत असेल, तर मात्र काळजी करू नका. त्याला अर्थ कळलाय.

इंग्रजी माध्यमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अशा मुलाला तिकडे हलवू नका. मराठीत जोडाक्षरं त्रास देतात, पण एकदा शिकलेलं अक्षर सहसा आवाज बदलत नाही. इंग्रजीत 'कट' आणि 'पुट' यांत मधलं अक्षर एकच, उच्चार दोन. त्यात घरी कुणी इंग्रजी बोलणारं नसेल, तर अभ्यास घेणार कोण?

गावच्या शाळेत पट कमी, म्हणून गुरुजींना मूल नावानिशी, घरादारानिशी माहीत असतं. पण एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, हेही खरं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी जोडलेले असतात. त्यांची भेट मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. त्यांच्यावर अनेक शाळांचा भार असतो, तेव्हा रोजची वीस मिनिटं घरातच काढावी लागतील. ताटात पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू पसरा, मुलाला एकच अक्षर बोटाने गिरवू द्या आणि गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायला लावा. जोडाक्षर एका वेळी एकच घ्या, पक्कं होईपर्यंत पुढचं नको. इतिहास-भूगोलाचे धडे तुम्ही वाचून दाखवा, नाहीतर वाचनापायी बाकीचे विषयही मागे पडतात. 'दहा वेळा लिही' ही शिक्षा मात्र कायमची बंद करा.

मुंबईत तपासणी आणि जाणकार शिक्षक दोन्ही मिळतात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे, आणि महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 पासून काम करते आहे. पण आठ-नऊ वर्षांचं पोर आईपासून लांब, मामा-मामी दिवसभर कामावर, संध्याकाळी लोकलमधून दमून आलेले. त्या घरात त्याच्याजवळ रोज बसणार कोण? म्हणून मी म्हणेन, मुंबई तपासणीपुरती. जिल्हा रुग्णालयात आधी विचारा. तिथे सोय नसेल तर तुतारी एक्सप्रेसने दादर गाठा, शीव तिथून जवळ आहे. आई किंवा वडील सोबत राहणार असतील आणि जवळच उपचारात्मक शिकवणारं कुणी असेल, तरच मुंबईच्या शाळेचा विचार करा.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र कोणत्याही वाटेने गेलात तरी लागेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे. दहावीला त्यामुळे तासामागे 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात. साधारण आठव्या वर्षापासून तपासणी करता येते. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आल्यावर धावपळ करणारे पालक मी पाहिलेत, आणि तोवर मुलाने 'मी ढ आहे' हे मनाशी पक्कं केलेलं असतं. जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं जपून ठेवा, तपासणीला विचारतात. आणि शाळेला दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.