जुन्या कॉम्प्रेसरची टाकी: पुन्हा हवा भरायची की कापायची?

मोटर जळालेली, पंप झिजलेला, पण टाकी मात्र वरून ठणठणीत. भंगारात द्यायला हात धजत नाही. मग दोन बेत मनात येतात: चालू कॉम्प्रेसरला जोडून जादा टाकी करायची, नाहीतर कापून धातू तापवायची भट्टी.

जादा टाकीचा मोह आधी होतो, आणि फायदाही खरा आहे. 50 लिटरच्या टाकीला तेवढीच दुसरी जोडली, की दाब 8 बारवरून 6 बारवर येईपर्यंत 100 ऐवजी साधारण 200 लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या दाबाची, हवा हाताशी येते. नेलगन, टायर, धूळ उडवणं, या थोड्याथोड्या कामांना हे उत्तम. मोटरही सारखी चालू-बंद होत नाही. पण पंप मिनिटाला जेवढी हवा देतो तेवढीच देणार. स्प्रे गन सलग चालवायची असेल, तर सुरुवातीची एखाद-दोन मिनिटं बरी जातात, पुढे दाब पडतोच.

आता धोक्याचं. हवेतलं पाणी टाकीच्या तळाशी साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरच्या रंगावरून काहीच कळत नाही. 100 लिटरच्या टाकीत 8 बारला जी ऊर्जा कोंडलेली असते, ती ताशी 50 किलोमीटरने धावणाऱ्या एक टनी गाडीइतकी तरी भरते. म्हणून दाबाचा आकडा असलेली पट्टी शाबूत हवी, तळाच्या पत्र्याची जाडी मोजलेली हवी आणि पाण्याने दाबचाचणी करून घेतलेली हवी. चाचणीला पाणीच, कारण पाणी जवळपास दबत नाही. पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही. मात्र आत हवेचा बुडबुडाही उरता कामा नये. टाकीला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की आपोआप हवा सोडणारा) नवा लावा, आणि त्याच्या नि टाकीच्या मध्ये बंद करायचा कॉक बसवू नका.

सुईएवढं भोक पडलं असेल तर वेल्डिंग मारून वापरू का, असं बरेच जण विचारतात. नको, अजिबात नको. भोकाभोवतीचा पत्राही तितकाच खाल्लेला असतो. गंज-रंग काढायला हवेने वाळू मारायचं भांडं करायचं म्हटलं तरी आत दाब येतोच, तेव्हा तिथेही हेच.

भट्टीला गंजाची फिकीर नाही. गोल कवच, आत सुमारे 5 सेंटीमीटर सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारी लोकरीसारखी गादी), बाजूने तिरका बर्नर, की ज्वाला आतल्या आत फिरते. कष्ट कापण्याआधीचे आहेत. सगळी तोंडं उघडा, तेलकट पाणी काढा, गरम साबणाच्या पाण्याने आतून धुवा, मगच ग्राइंडर लावा. बाहेरचा रंगही आधी खरवडा. तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. वूलचे तंतू फुप्फुसात जातात, म्हणून मास्क लावा आणि वूलवर उष्णतारोधक सिमेंटचा थर द्या.

माझं मत विचाराल, तर पट्टी नसलेली किंवा ड्रेनमधून (तळाचं पाणी काढायच्या तोंडातून) लालसर पाणी येणारी टाकी सरळ कापा. चार-पाच वर्षांची, रोज पाणी काढलेली टाकी असेल, तरच चाचणीच्या खटपटीत पडा. कापताना चाकं आणि पाय मात्र राहू द्या. पेटवायच्या आधी भट्टी उघड्यावर ओढून न्यायला तेच लागतात.