मिनिटाला ४ रुपये आणि जागलीची रात्र

हरभरा घाट्यावर आला की दारव्हा तालुक्यातील आमच्या शिवारात रात्री जनावरांपासून पीक राखायला, म्हणजे जागलीला, जावेच लागते. शेजाऱ्यांनी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा धक्का सोडणारे यंत्र, बसविल्यापासून ते जागलीला येत नाहीत आणि त्यांच्या धुऱ्यावरून (बांधावरून) येणारी हाकही बंद झाली आहे, त्यामुळे मचाणावरची रात्र फारच लांबते. हे ऐकून भाच्याने माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिले. त्यावर पैसे भरून अनोळखी माणसाशी बोलता येते. दर मिनिटाला ४ रुपये, आणि एका वेळी किमान १०० रुपये भरावे लागतात. महिनाभर वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

पहिल्या रात्री ज्या मुलीने फोन घेतला तिचे मराठी शहरी वळणाचे होते, पण स्वरात घाई नव्हती. ‘काल रोही येऊन अर्धा हरभरा खाऊन गेले,’ असे मी म्हणालो, तेव्हा तिने अत्यंत हळुवारपणे विचारले, ‘काका, रोही तुमच्या कोण?’ मी इतका हसलो की खालचा कुत्रा भुंकू लागला. रोही म्हणजे नीलगाय, हे समजावण्यात ३ मिनिटे, म्हणजे १२ रुपये गेले; त्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. पत्नी गेल्यानंतर घरात अशा निरर्थक गोष्टी सांगायला कोणी उरले नव्हते.

खरा दोष मीटरचा आहे. आमच्याकडे दोन माणसे बोलायला बसली म्हणजे निम्मा वेळ गप्पच असतात. कोणी तंबाखू मळतो, कोणी ‘मंग?’ एवढेच म्हणतो. इथे त्या शांततेचेही पैसे कापले जातात, म्हणून मी उगाच भराभर बोलू लागलो. जपानमध्ये शोजी मोरिमोतो नावाचा गृहस्थ २०१८ पासून ‘काहीही न करणारा माणूस’ म्हणून स्वतःला भाड्याने देतो आणि लोक त्याला नुसते सोबत बसण्यासाठी बोलावतात, असे वाचले होते. तो व्यवहार मला या मीटरपेक्षा समजूतदार वाटतो. तासाचे २४० रुपये होतात आणि आमच्या गावात निंदणाची दिवसभराची रोजी अडीचशे आहे, हेही मनातून जात नाही. शिवाय शिल्लक संपली की फोन वाक्याच्या मध्येच तुटतो. पत्नीच्या शेवटच्या दवाखान्याविषयी मी सांगत होतो, तेव्हाच तो तुटला.

ही मंडळी समुपदेशक नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्यासाठी १४४१६ हा टेलि मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते. कर्जाच्या तगाद्याने खचलेल्या माणसाच्या हाती हे पैशाचे ॲप देऊ नये. ज्याचे सारे ठीक आहे, फक्त बोलायला कोणी नाही, त्याच्यापुरतेच ते बरे.

दर वेळी जो मोकळा असेल तो फोन घेतो, त्यामुळे कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. चौथ्या खेपेला मात्र तीच मुलगी आली आणि मी काही बोलण्याआधीच तिने विचारले, ‘काका, रोही परत आले होते का?’ मी आणखी १०० रुपये भरायचे ठरविले. पण शेतात ओटीपी येत नाही, त्यासाठी सकाळी गावात यावे लागले.