ब्यूफर्टचं रिकन्स्ट्रक्शन उद्यान: लिंकननंतर काय झालं ते इथे कळतं

चोवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अमेरिकेचं यादवी युद्ध मी लिंकनच्या खुनापाशी संपवायचे. "बाई, मग सुटलेल्या गुलामांचं पुढे काय झालं?" असं एखादं पोर विचारायचंच, आणि माझ्याकडे दोन ओळींपलीकडे उत्तर नसायचं. यंदा लेकीकडे आले, तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टला मुद्दाम जाऊन आले.

युद्धानंतर देश नव्याने उभारायचा काळ, म्हणजे रिकन्स्ट्रक्शन. त्याचं हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. २०१७ साली ओबामांनी ते स्मारक म्हणून जाहीर केलं, २०१९ मध्ये उद्यानाचा दर्जा मिळाला. प्रवेशाला पैसे नाहीत. उद्यान म्हटलं तरी बागबगीचा नव्हे. माहिती केंद्र गावात, जुनी छावणी पोर्ट रॉयलला, शाळा आणि चर्च सेंट हेलेना बेटावर. गाडी हवीच.

बेटावरचं ब्रिक बॅप्टिस्ट चर्च १८५५ साली गुलामांनीच बांधलं. प्रार्थनेला मात्र खाली मळेवाले आणि हे वर सज्जात. ७ नोव्हेंबर १८६१ला उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयल घेतलं, मळेवाले पळाले, सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. चर्च त्यांचं झालं. पुढच्याच वर्षी तिथे सुटलेल्या गुलामांसाठीच्या पेन शाळेचे वर्ग भरू लागले, युद्ध चालू असतानाच! त्या विटांवर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते. पळालेल्या मळेवाल्यांच्या जमिनी करवसुलीच्या लिलावात निघाल्या, त्या इथल्या सुटलेल्या कितीतरी गुलामांनी विकत घेतल्या. इतर ठिकाणी गुलामांना वाटलेली जमीन युद्धानंतर, लिंकनच्या जागी आलेल्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने जुन्या मालकांना परत दिली. इथली पुष्कळशी टिकली, कारण ती खरेदीची होती. हा फरक रेंजरने, म्हणजे उद्यानाच्या माहितगार कर्मचाऱ्याने, नीट उलगडून सांगितला.

छावणीच्या जागेवर १ जानेवारी १८६३ला लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा वाचला गेला. सुटलेल्या गुलामांच्या पलटणीला झेंडा दिला जात असताना गर्दीतल्या कृष्णवर्णीयांमधून एका म्हाताऱ्याचा चिरका आवाज देशगीत गाऊ लागला. लगेच दोन बायकांनी सूर धरला, मग बाकीच्यांनी. कार्यक्रमात ते नव्हतंच. पाहुणे गोरेही गायला लागले, तेव्हा पलटणीच्या कर्नलने त्यांना थांबवलं. हे ऐकताना माझा नातू माझा हात घट्ट धरून होता.

गावात रॉबर्ट स्मॉल्सचं घर आहे, आम्ही बाहेरून पाहिलं. १३ मे १८६२ला पहाटे दक्षिणेच्या सैन्याचं 'प्लँटर' जहाज बायकापोरांसह चार्ल्स्टनमधून पळवणारा हा गुलाम. ज्या घराच्या मालकाचा गुलाम म्हणून जन्मला, तेच घर त्याने कराच्या लिलावातून घेतलं. जुन्या मालकाच्या बाजूने दावा लावला तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७८ मध्ये स्मॉल्स जिंकला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा स्मॉल्स याच राज्याच्या सिनेटमध्ये बसत होता. इतकी वर्षं दोन्ही गोष्टी शिकवून हे मला जोडता आलं नव्हतं.

पुढचा कडू भागही लपवलेला नाही. १८७७ला उत्तरेने दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं, साउथ कॅरोलायनाच्या १८९५च्या नव्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचं मतदान जवळपास संपवलं. ती घटना ठरवणाऱ्या सभेतल्या सहा कृष्णवर्णीय प्रतिनिधींत स्मॉल्स होता. आदल्या दिवशी आम्ही दुसरीकडे एका मळ्याचा वाडा पाहिला होता. तास दीड तास चांदीची भांडी आणि गुलाबाचे ताटवे. ते घडवणाऱ्या माणसांबद्दल एक वाक्य नाही. पैसे मात्र भरपूर घेतले. मला फार राग आला होता.

शक्य असेल तर अख्खा दिवस ठेवा आणि रेंजरचं बोलणं चुकवू नका. टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात स्मॉल्सचा अर्धपुतळा आहे. आपल्या लोकांना जगण्याच्या लढाईत फक्त समान संधी हवी, हे त्याचं १८९५चं म्हणणं तिथे कोरलंय. नातवाने ते वहीत उतरवून घेतलं.