नागपूरच्या हवेत घरी जुळवलेला संगणक शांत आणि थंड ठेवणे : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि ३२ जीबी रॅम असा सुटे भाग आणून घरीच जुळवलेला माझा संगणक आता नागपुरातल्या तिन्ही ऋतूंमधून वापरून झाला आहे. त्यामुळे त्याच्या आवाजाविषयी आणि तापमानाविषयी थोड्या अधिकाराने लिहिता येईल असे वाटते. माझे काम दोन तऱ्हांचे असते. दिवसा व्हिडिओचे संकलन आणि रेंडरिंग (म्हणजे संकलित तुकड्यांतून अंतिम व्हिडिओ तयार करणे) करते, आणि रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबली की त्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसून शिकवणीच्या धड्यांचे ध्वनिमुद्रण करते. पहिल्या कामाला यंत्राची ताकद लागते, दुसऱ्याला त्याचे गप्प बसणे. या दोन्ही गोष्टी एका यंत्राकडून मिळवण्यासाठी मी बऱ्यापैकी पैसे खर्च केले. तरीही सर्वांत मोठा फरक ज्याने पडला तो बदल बायोसमधला, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधला होता आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू, कारण आवाज हा त्याचाच परिणाम आहे. ७७००एक्सच्या खोक्यावर १०५ वॅट असे लिहिलेले असले, तरी मोकळे सोडल्यास हा प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावर तो बसतो त्या खाचेतून, १४२ वॅटपर्यंत वीज घेतो. कमाल तापमानाची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, आणि पूर्ण भार असताना त्या मर्यादेपर्यंत चढून तिथेच तग धरणे हे या पिढीच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे, असे तो बनवणाऱ्या एएमडी कंपनीने पहिल्यापासून सांगितले आहे. म्हणजे पडद्यावर ९५ चा आकडा दिसला म्हणून प्रोसेसर लगेच बिघडत नाही. मात्र बायोसमधली पंख्यांची मूळ आखणी ९५ अंशांना पूर्ण वेगाने उत्तर देते, आणि मग खोलीत बसवत नाही. त्यातच परदेशी चाचण्यांमधले आकडे साधारण वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. हवेने थंड होणाऱ्या कोणत्याही यंत्राचे तापमान खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक अंतर राखून असते. खोली बारा अंशांनी तापली की आतले सगळे आकडेही जवळपास तेवढेच वर सरकतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर लावूनही माझी खोली ३४ अंशांच्या खाली येत नाही, तेव्हा परदेशी चाचणीतले ‘७० अंश’ आपल्याकडे ८२ ते ८४ असे वाचावे लागतात.

बायोसमधला तो बदल म्हणजे इको मोड. १०५ वॅटच्या या प्रोसेसरला ६५ वॅटच्या वर्गात बसवले की सॉकेटमधून घ्यायच्या विजेची मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते, म्हणजे उष्णता एक तृतीयांशाहून अधिक घटते. त्या प्रमाणात काम मंदावेल अशी शंका मला होती, पण तसे होत नाही, कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठी हा प्रोसेसर व्होल्टेज फार वाढवतो आणि विजेचा मोठा वाटा तिथेच खर्ची पडतो. माझ्या नेहमीच्या पाऊण तासाच्या रेंडरला आता दोन-तीन मिनिटे जास्त लागतात, आणि ती वाट मी आनंदाने पाहते. खोली ३१ अंशांवर असताना जो प्रोसेसर ९३ ते ९५ दाखवत असे, तो त्याच कामात ७२ च्या आसपास राहतो, तेही पंखे पूर्वीपेक्षा बरेच हळू फिरत असताना. हा बदल केल्याशिवाय हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा), पंखे किंवा कॅबिनेट यांवर कोणीही पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

हीटसिंक मी थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई घेतला. उष्णता वाहून नेणाऱ्या सहा नळ्या (हीटपाइप), पात्यांचे दोन मनोरे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे आणि १५५ मिलिमीटर उंची असे त्याचे स्वरूप आहे. ७७००एक्सच्या खोक्यात हीटसिंक येत नाही, त्यामुळे ही खरेदी तशीही टळणारी नव्हती. पाण्यावर चालणारा संच घ्यावा असा दुकानदाराचा आग्रह होता, पण तो संचही खोलीच्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही; शिवाय त्यातला पंप भार नसतानाही चालू राहतो, आणि त्याचा एकसुरी बारीक सूर माइकला पंख्याच्या सळसळीपेक्षा जास्त सहज पकडता येतो. धातूच्या हीटसिंकमध्ये बिघडण्यासारखी वस्तू म्हणजे पंखा, आणि तो दहा मिनिटांत बदलता येतो. दुहेरी मनोऱ्याचा कोणताही हीटसिंक घेताना मात्र दोन गोष्टी आधी मोजाव्यात: कॅबिनेटमध्ये बाजूच्या झाकणापर्यंत किती जागा आहे, आणि पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो का. माझी रॅम बुटकी असल्याने अडचण आली नाही. या प्रोसेसरला लागणाऱ्या एएम५ सॉकेटच्या बोर्डाला मागची पट्टी मुळातच बसवलेली असते, त्यामुळे बोर्ड न काढता हीटसिंक बसवता येतो, ही सोय मला विशेष आवडली.

कॅबिनेटची कथा वेगळी आहे. माझे पहिले कॅबिनेट समोरून सबंध काचेचे होते, आत रंगीत दिव्यांचे तीन पंखे आणि त्यांना हवा घेण्यासाठी कडेला बोटभर फट. कोणत्या कंपनीचे होते ते सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या किमतीत बहुतेक सगळी कॅबिनेटे अशीच मिळतात. कोणाचेही कॅबिनेट असे गुदमरते आहे का हे पाहण्याची सोपी रीत आहे. भार देऊन तापमान स्थिरावू द्यावे, मग समोरचे झाकण काढून ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा पाहावा. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर सोडून द्यावे. माझ्याकडे ग्राफिक्स कार्डाचा आकडा आठ अंशांनी उतरला, आणि मी समोर जाळी असलेले कॅबिनेट घेतले. आतून फोमचे अस्तर लावलेली ‘सायलेंट’ कॅबिनेटेही बाजारात आहेत. थंड देशात ती उपयोगी पडत असतील, पण आपल्या उन्हाळ्यात बंद दारामागे पंख्यांना जोरात पळावे लागते आणि अस्तराने जेवढा आवाज गिळला तेवढा पंख्यांनी परत केला, असा प्रकार होतो.

नव्या कॅबिनेटमध्ये समोर आर्क्टिकचे पी१४ पीडब्ल्यूएम असे १४० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेतात आणि मागे १२० मिलिमीटरचा एक पंखा ती बाहेर टाकतो. दोन मोठे पंखे हळू फिरवण्यामागे साधे गणित आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. त्याच वेगाचा दुसरा पंखा जोडला की हवा जवळजवळ भरून निघते आणि आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. पी१४ ची कमाल मर्यादा मिनिटाला १७०० फेऱ्यांची आहे. माझ्याकडे ते एरवी सहाशे-सातशेवर आणि रेंडरच्या वेळी हजाराच्या आत फिरतात. मागचा पंखा मात्र मला बदलावा लागला. कॅबिनेटबरोबर आलेला होता तो कमी वेगात बेअरिंगमधून टिक-टिक करी. दिवसा ते जाणवतही नसे. मुद्रण ऐकताना मात्र प्रत्येक विरामात ती टिकटिक कानावर येई.

वेगाची आखणी, म्हणजे फॅन कर्व्ह, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हा प्रोसेसर एखादे संकेतस्थळ उघडतानासुद्धा क्षणभरात पंधरा-वीस अंश उडी मारतो आणि लगेच खाली येतो. मूळ आखणीत पंखा त्या प्रत्येक उडीबरोबर दचकतो, आणि सतत राहणाऱ्या आवाजापेक्षा हा चढउतार कानाला अधिक बोचतो. मी हीटसिंकचा पंखा ७० अंशांपर्यंत एकाच संथ वेगावर ठेवला, त्यानंतर हळूहळू चढ दिला, आणि बायोसमध्ये वेग वाढवण्याआधी थांबण्याचा अवधी जास्तीत जास्त केला. धातूचा एवढा मोठा ठोकळा क्षणिक उष्णता सहज जिरवतो. पंख्याने घाई करण्याचे कारणच नसते. कॅबिनेटचे पंखे ‘फॅनकंट्रोल’ या विनामूल्य प्रोग्रामच्या साहाय्याने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांपैकी जे जास्त तापले असेल त्याच्याशी जोडले आहेत. केवळ प्रोसेसरशी जोडले, तर ग्राफिक्सचे काम चालू असताना कार्ड भाजत राहते आणि समोरचे पंखे झोपा काढतात.

ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा मी २०० वॅटवरून ७० टक्क्यांवर, म्हणजे १४० वॅटवर आणली. पडद्यावर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची (फ्रेमची) संख्या थोडी कमी झाली, पण आकडे समोर मांडल्याशिवाय मला तो फरक ओळखता आला नसता. प्रोसेसरचे ५४ आणि कार्डाचे ६० मिळून पूर्ण भाराच्या वेळी ११४ वॅट उष्णता खोलीत येणे थांबले, आणि दार लावून बसणाऱ्या माणसाला हा आकडा अंगावर जाणवतो. कार्डाच्या बाबतीत उन्हाळ्याने एक वेगळाच प्रश्न पुढे केला. भार नसताना कार्डाचे पंखे पूर्ण थांबतात, ही सोय हिवाळ्यात उत्तम आहे. पण खोलीच ३४-३५ अंशांवर असली की काही न करताही कार्ड पन्नाशीला टेकते, पंखे सुरू होतात, चार अंश उतरवून थांबतात आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरू होतात. मार्च ते जूनपर्यंत मी ही सोय बंद ठेवते आणि पंखे त्यांच्या किमान वेगावर अखंड फिरू देते. तो आवाज जवळजवळ ऐकू येत नाही, आणि सुरू-बंदचा त्रासही संपतो.

हवेशी संबंध नसलेले दोन आवाज राहिले होते. एक जुन्या हार्ड डिस्कचा. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, आणि त्या कंपनाची खर्जातली गुणगुण कॅबिनेटच्या पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये पोचत असे. रबरी वॉशरांनी ती कमी झाली पण गेली नाही. शेवटी डिस्क बाहेरच्या खोक्यात घालून फक्त साठवणीपुरती वापरते आणि काम एसएसडीवर करते. दुसरा आवाज शेजारच्या लोखंडी कपाटाचा निघाला. कॅबिनेट त्याला टेकून ठेवले होते आणि ठरावीक वेगावर कपाटाचे दार बारीक किणकिणत असे. दारावर तळहात ठेवला की आवाज थांबे, काढला की पुन्हा सुरू. आता कॅबिनेट टेबलाखाली, जाड रबर लावलेल्या लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर पुढे आहे. कानापासूनचे अंतर वाढले, फरशीवरची धूळ थेट आत जात नाही आणि मागची गरम हवाही मोकळी बाहेर पडते.

हा सगळा खटाटोप ऋतूप्रमाणे किती बदलतो, याची कल्पना मला आधी नव्हती. नवतप्याच्या दिवसांत डेझर्ट कूलर असा घोंघावत असतो की संगणक चालू आहे की बंद हेही त्याच्या दिव्याकडे पाहून कळते; तेव्हा शांततेची काळजी करणे व्यर्थ आहे आणि पंख्यांना मोकळीक द्यावी. पावसाळ्यात हवा दमट झाल्याने कूलर निरुपयोगी होतो, खोली तिशीत राहते आणि संगणक प्रथमच ऐकू येऊ लागतो. डिसेंबरच्या रात्री छताचा पंखाही बंद असतो, तेव्हा खोलीत एकटा संगणकच बोलतो. म्हणून फॅनकंट्रोलमध्ये मी उन्हाळ्याची आणि एरवीची अशा दोन आखण्या जपून ठेवल्या आहेत. कूलरच्या ओलाव्याने आत पाणी धरेल का, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. दव धरते ते सभोवतालच्या हवेपेक्षा पुरेशा थंड पृष्ठभागावर. चालू संगणकाचे भाग नेहमी हवेपेक्षा गरम असतात, त्यामुळे ती भीती नाही. कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नये, याचे कारण धूळ आणि कूलरच्या गवताचे तुटके धागे, जे ओलसर होऊन जाळीला चिकटतात आणि वाळल्यावर लगदा होऊन बसतात.

समोरची जाळी उन्हाळ्यात पंधरवड्याला आणि एरवी महिन्याने नळाखाली धुते आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवल्याने फटींतून धूळ ओढली जात नाही, आणि वर्षभरात हीटसिंकच्या पात्यांवर बसलेला थर ब्रशने झटकण्याइतकाच होता. ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने ते प्रमाणाबाहेर भरकन फिरते आणि बेअरिंग सैल होते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावतात ती थर्मल पेस्ट मी अजून बदललेली नाही. उन्हाळ्यातला पूर्ण भाराचा आकडा ७६ वर स्थिर आहे आणि तो चढू लागेपर्यंत हीटसिंक उचलण्याची गरज मला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. ग्राफिक्सचे जड काम चालू असताना कार्डाच्या कॉइलमधून रातकिड्यासारखी किरकिर येते, आणि ती कोणत्याही पंख्याने वा अस्तराने जात नाही. वीजमर्यादा कमी केल्यावर ती मंदावली, आणि फ्रेमचा वेग साठवर बांधला की आणखी दबते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कार्डाला काम नसल्याने ती माझ्या मुद्रणात येत नाही, त्यामुळे एवढ्यासाठी कार्ड बदलण्याचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे.