चाईवर एक्सायमर लेझर : पाच महिने, ३४ सिटिंग

ऑगस्टात वेणी घालताना कानामागे बोट एकदम गुळगुळीत कातडीला लागलं. रुपयाएवढी चाई! दिवाळीपर्यंत चार झाल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून गुंज उगाळून लावली, तर कातडीच भाजली. स्टेरॉइडची इंजेक्शनं हा पहिला उपचार, पण डोक्यात टोचलं की मला चक्कर यायची. म्हणून डॉक्टरांनी लेझर सुचवलं.

चाईत आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांवर तुटून पडतात. ३०८ नॅनोमीटरची अतिनील किरणं तेवढ्याच जागेवर पाडून त्या पेशींना आवरायचं, असा हा उपचार. लाल दिव्यांची टोपी ही वेगळीच गोष्ट. ती आनुवंशिक विरळपणासाठी असते. एका विक्रेत्याने ती चाईसाठी म्हणून माझ्या गळ्यात मारली. त्यात दोन महिने गेले, त्याचा राग अजून जात नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी साताऱ्याहून एसटीने पुण्याला जायचे. डोळ्यांवर काळा चष्मा, केस क्लिपने बाजूला, मग चाईवर यंत्राचं चौकोनी तोंड टेकवतात. थोडी ऊब लागते, दुखत नाही, काही मिनिटांत काम होतं. डोस हळूहळू वाढवतात. कातडी दिवसभर गुलाबी राहिली तर ठीक. नवव्या वेळी मला फोड आला, तेव्हा एक सिटिंग सोडून डोस उतरवला.

डॉक्टरांची एक गोष्ट मला फार पटली. चाई कधीकधी आपोआपही भरते, म्हणून डाव्या कानावरची एक त्यांनी मुद्दाम लेझरशिवाय ठेवली. बाराव्या सिटिंगच्या सुमारास कानामागे आणि टाळूवर पांढरी लव दिसली, पुढे ती काळी झाली. सोडलेल्या चाईवर तशी लव पाचव्या महिन्यात आली. म्हणजे माझ्या बाबतीत लेझरने वेळ वाचवला, एवढंच मी खात्रीने म्हणेन.

मानेच्या कडेची पट्टी मात्र ढिम्म हलली नाही. तिथलं लेझर मार्चअखेर बंद केलं. सगळं डोकंच रिकामं झालेल्यांनी यात पैसे घालू नयेत. त्यांच्यासाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत, अमेरिकेत बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण त्या रक्ततपासण्या करत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

सिटिंगला ८०० रुपये आणि वर एसटीचं भाडं. कानामागचे केस आता चिमटीत धरता येतात.