साईटवर जनरेटरऐवजी बॅटरी: दिवाळी ते गणपती वापरल्यानंतरचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील वाई, जावळी आणि महाबळेश्वर या तालुक्यांत मी बंगले, जुन्या घरांची दुरुस्ती आणि अलीकडे तापोळा-बामणोलीच्या बाजूला होमस्टेच्या खोल्या अशी लहान कंत्राटे घेतो. यातल्या बऱ्याच साईटवर काम सुरू होते तेव्हा वीज आलेली नसते, आणि दुरुस्तीच्या कामात ती असली तरी जुन्या वायरिंगवर कटर लावण्याइतका भरवसा ठेवता येत नाही. त्यासाठी इतकी वर्षे २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर माझ्याबरोबर फिरत होता. गेल्या दिवाळीत मी पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच पेटीत बसवलेले यंत्र घेतले आणि गणपतीपर्यंत ते जवळजवळ रोज वापरले. विकणारे त्याला बिनआवाजाचा जनरेटर म्हणतात. त्या शब्दावर विसंबून जो ते घेईल त्याची निराशा होईल. आपले काम नीट पाहून जो घेईल त्याला ते पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडेल.

यंत्राची क्षमता २०४८ वॉट-अवर, म्हणजे सुमारे दोन युनिट आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे १६ सेल एकापुढे एक जोडून ५१.२ व्होल्ट आणि ४० अँपिअर-अवर असे हे गणित जमवलेले असते. इन्व्हर्टर २४०० वॉटचा, वजन २३ किलो आणि किंमत दीड लाखाच्या घरात. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या आकाराच्या बहुतेक यंत्रांना पुढचे सारे लागू पडते. कागदावरच्या दोन युनिटांपैकी सॉकेटवर प्रत्यक्षात सुमारे १.७ युनिट मिळतात आणि उरलेली वीज इन्व्हर्टरच्या उष्णतेत जाते, म्हणून खरेदीचा हिशेब १.७ धरूनच करावा.

हा आकडा ऐकायला फार लहान वाटतो. लादी कापायचा कटर १२५० वॉटचा असतो, म्हणजे सलग चालवला तर पेटी सुमारे ऐंशी मिनिटांत रिकामी होईल. पण लादीवाला मिस्त्री कटर सलग चालवत नाही. बाथरूमच्या डॅडोचे, म्हणजे भिंतीवरच्या टाइलचे, काम चालू असताना पेटीच्या पडद्याकडे पाहत राहिले की हे अगदी स्वच्छ दिसते. मिस्त्री माप घेतो, पेन्सिलीने खूण करतो, तोवर पडद्यावर शून्य असते. कटर टाइलला टेकला की आकडा अकराशे-बाराशेवर जातो, सात-आठ सेकंदांत कट पूर्ण होतो आणि पुन्हा शून्य. मग तो टाइल लावून पाहतो, कोपरा थोडा घासतो, मागे मसाला लावतो, रबरी हातोडीने ठोकतो, ओळंबा पाहतो. दिवसभराच्या कामात खटका दाबलेला वेळ मोजला तर तो तासाच्या आत-बाहेर भरतो. जनरेटर मात्र सकाळी दोरी ओढून चालू केला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेट्रोल जाळत राहतो, कारण प्रत्येक टाइलसाठी तो बंद-चालू करायला कोणालाच सवड नसते. बॅटरी तुमच्याकडून खटका दाबलेल्या वेळेचेच पैसे घेते, आणि हे यंत्र परवडते ते एवढ्या एकाच कारणाने.

म्हणूनच थांबून थांबून चालणारी हत्यारे त्यावर उत्तम चालतात. चार इंची ग्राइंडर, भोके पाडायचा ८०० वॉटचा रोटरी हॅमर, कन्सील वायरिंगच्या झिऱ्या मारायचे कटर, पुट्टी ढवळायचे मशीन, लेसर लेव्हल, या सगळ्यांनी मला कधी अडचण दिली नाही. उलट फोडकामाचा १७०० वॉटचा ब्रेकर चालतो खरा, पण त्याचा खटका मिनिटभरही सुटत नाही, त्यामुळे जुना कोबा फोडायला घेतला की तासाभरात पेटी संपते. अनेकांनी मला विचारले की याऐवजी बॅटरीवरचीच हत्यारे का घेतली नाहीत. आमच्याकडे हत्यार मिस्त्रीचे असते, ठेकेदाराचे नसते. लादीवाला, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आपापले वायरचे कटर आणि ड्रिल घेऊन येतात, आणि त्यांना सॉकेट पुरवणे एवढेच माझे काम असते. ज्यांच्याकडे १८ व्होल्टची ड्रिल आहेत त्यांच्या बॅटऱ्या याच पेटीवर चार्ज होतात; ५ अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे फक्त ९० वॉट-अवर, तेव्हा तो खर्च जाणवतही नाही.

संध्याकाळच्या उजेडासाठी ५० वॉटचे दोन एलईडी फ्लड लावतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काहीही जोडलेले नसताना नुसता इन्व्हर्टर चालू राहिला तरी तो वीस-पंचवीस वॉट खातो, म्हणजे रात्रंदिवस चालू राहिला तर अर्धा युनिट, एकूण साठ्याचा सुमारे चतुर्थांश, काही न करता जातो. काम थांबले की पेटीवरचे एसी आउटपुटचे (इन्व्हर्टरचे) बटण बंद करायचे, हे मी मुकादमाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवले होते.

आता जे चालत नाही त्याकडे येतो. कार्बन ब्रश असलेली हत्यारे सुरू होताना फारसा झटका देत नाहीत, परंतु पाण्याचा पंप, मिक्सर आणि विजेवरचा व्हायब्रेटर यांच्या इंडक्शन मोटरी सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढतात. एक एचपीचा पंप चालू असताना अकराशे वॉटच्या आसपास घेतो, म्हणून २४०० वॉटचा इन्व्हर्टर त्याला दुप्पट पुरेल असे वाटते. सुरू होताना मात्र त्याला सहा हजार वॉटच्या आसपास लागतात आणि क्षणभरासाठी ४८०० वॉट देऊ शकणारे माझे यंत्र ट्रिप होते. अर्धा एचपीचा पंप व्यवस्थित चालतो, त्यामुळे क्युरिंगचे (काँक्रीट ओले ठेवायचे) पाणी आणि टाकी भरणे भागते. दुकानात यंत्र पाहायला जाताना स्वतःचा पंप आणि स्वतःचा कटर बरोबर न्यावा आणि तिथेच लावून पाहावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. वेल्डिंगचा विषय सोडून द्यावा. ८० अँपिअरवर चालणारे साधे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनसुद्धा या क्षमतेच्या काठावर किंवा बाहेर जाते.

स्लॅबच्या दिवशी मी ही पेटी मुख्य कामाला लावतच नाही. मिक्सर डिझेलचा आणि व्हायब्रेटर पेट्रोलचा, ही जुनी जोडीच त्या दिवशी असते, आणि ती तशीच राहावी असे मला वाटते. भारतीय मानकांप्रमाणे सिमेंटचा घट्ट होऊ लागण्याचा किमान काळ ३० मिनिटांचा आहे. उन्हाळ्यात काँक्रीट ओतत असताना वीज संपली म्हणून व्हायब्रेटर थांबला, तर तिथे कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात घरमालकाच्या छतातून तोच गळतो. इतक्या मोठ्या किमतीची जोखीम दोन युनिटांच्या भरवशावर कोणी घेऊ नये.

चार्जिंगचा प्रश्न विकणारा कधी काढत नाही, आणि रोजच्या वापरात सगळ्यात जास्त विचार त्याचाच करावा लागतो. १६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर यंत्र १८०० वॉटने चार्ज होते आणि दीड तासाच्या आत भरते. पण वाडीतल्या घरात बहुधा ६ अँपिअरचे सॉकेट असते आणि संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की व्होल्टेज १८० च्या खाली येते. तिथे मी चार्जिंग ६०० वॉटवर आणून ठेवतो. चार तास लागतात, पण त्या घरातले वायरिंग तापत नाही. शेजाऱ्याच्या घरी मध्ये एक छोटा मीटर लावून, दिसतील तेवढ्या युनिटांचे पैसे त्यांच्याच हातावर ठेवतो, म्हणजे संबंध गोड राहतात. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरून जेमतेम शंभर वॉट मिळतात आणि पेटी भरायला वीस तास लागतात, तेव्हा त्याचा विचारच नको. ४०० वॉटच्या घडीच्या सोलर पॅनेलांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला दीड युनिटाच्या जवळ दिले, आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या साईटवर तेवढ्यावर काम निघाले. त्याच पॅनेलांचा जून-जुलैत काही उपयोग झाला नाही. जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे तशी अपेक्षाही नव्हती.

पैशांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर तो जाहिरातीइतका देखणा दिसत नाही. या प्रकारच्या बॅटरीला ३००० वेळा चार्ज होण्याचे आयुष्य सांगतात, आणि त्याने भागले तर एक युनिट तीस रुपयांच्या आत पडते. पण लहान ठेकेदाराकडे वर्षाला दोनशेच्या वर चार्जिंग होत नाहीत, आणि पंधरा वर्षे हे यंत्र साईटच्या धुळीत टिकेल असे मी धरत नाही. आठ वर्षे धरली तर एक युनिट सुमारे पंचावन्न रुपयांना पडते, वर चार्जिंगच्या विजेचा खर्च वेगळा. लहान जनरेटर अर्धवट लोडवर चालतो तेव्हा एका युनिटाला जवळजवळ लिटरभर पेट्रोल घेतो, आणि पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे. बचत आहे, पण ती रोज वापरणाऱ्याची आहे. महिन्यातून चार दिवस काम असेल तर जनरेटर भाड्याने आणणेच शहाणपणाचे ठरेल.

सुरक्षिततेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याविषयी साईटवर कोणीच बोलत नाही. घरातल्या विजेत न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते, म्हणून फेज कुठे गळली तर करंट जमिनीतून परत जातो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमधला फरक ओळखून वीज तोडतो. यातील बऱ्याच पेट्यांच्या सॉकेटमध्ये दोन्ही तारांपैकी एकही जमिनीशी जोडलेली नसते. अशा वेळी पुढे आरसीसीबीचा बोर्ड लावला, तर त्याचे टेस्टचे बटण दाबल्यावर तो खटकन पडतो, कारण ते बटण आतल्या आतच करंट फिरवते आणि त्याला अर्थिंग लागतच नाही. पाहणाऱ्याला वाटते की संरक्षण आहे. प्रत्यक्षात ओल्या हाताचा माणूस एका तारेला चिकटला तर तो आरसीसीबी पडण्याची हमी नाही. एका हत्याराचे इन्सुलेशन गेले तर लगेच शॉक बसत नाही, पण दुसऱ्या हत्याराची दुसरी तार त्याच वेळी उघडी असेल तर दोन्ही धरणाऱ्यांच्या जिवावर बेतते. म्हणून एका वेळी एकच हत्यार, तेही चौकोनात चौकोन ही खूण असलेले, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनचे, असा नियम मी केला आहे. सॉकेटच्या आत स्वतः जोडाजोड करू नये. न्यूट्रल कशी आहे हे विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे. आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर वापरून घराच्या बोर्डात उलटी वीज देण्याचा प्रकार तर कोणी करूच नये, कारण पलीकडे लाइनमन खांबावर असू शकतो.

दुसऱ्या बाजूला, बंद खोलीत जनरेटरचा धूर जीव घेऊ शकतो आणि ही पेटी बिनधास्त खोलीत ठेवता येते, हा फायदा मी फार मोठा मानतो. शांततेचाही असाच उपयोग आहे. परांचीवरचा गवंडी खालच्या बिगाऱ्याला काय ओरडून सांगतो आहे, फळी सरकल्याचा आवाज आला का, हे आता सगळ्यांना ऐकू येते. माणसे राहत असलेल्या घराची दुरुस्ती करताना तर घरमालक आणि शेजारी या दोघांचीही तक्रार संपली.

यंत्राचा एकमेव बिघाड झाला तो पंख्याचा. लादीची आणि सिमेंटची बारीक धूळ पंखा आत ओढून घेतो, ओलाव्याने ती आतच घट्ट बसते, आणि मे महिन्यात पंख्याचा आवाज वाढून यंत्र वारंवार गरम होऊ लागले. विक्रेत्याने पेटी शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवायला लावली आणि पंख्यासारख्या साध्या सुट्या भागासाठी कित्येक आठवडे ठेवून घेतली. तोवर जुना जनरेटर पुन्हा बाहेर काढावा लागला. एवढी किंमत घेणाऱ्याने पंखा आणि जाळी साईटवर बदलता येईल अशी रचना द्यायलाच हवी. आता २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचे लांब एक्स्टेन्शन करून पेटी कटरपासून दूरच्या खोलीत, फळीवर उंच ठेवतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ती चार्जिंग नाकारते, कारण ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात. पावसाचे संरक्षण तिला नाही, त्यामुळे पावसाळ्यात ती फक्त छत पडलेल्या कामावर जाते.

बिल मात्र पूर्ण आणि जीएसटीचे घ्यावे. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आणि आयातदारावर टाकली आहे, आणि आठ वर्षांनी ती मागायची तर कोणाकडून घेतली याचा कागद हातात हवा.

यापुढे मी याहून मोठे यंत्र घेणार नाही. एक युनिटाचे, बारा-तेरा किलोचे दुसरे घेणार आहे. २३ किलोची पेटी लाँचमधून उतरवून चढ चढायला दोन माणसे अडकतात, तर लहान पेटी इलेक्ट्रिशियन एकटा खांद्यावर टाकून नेईल. शिवाय एक साईटवर असताना दुसरी वाडीत चार्जिंगला ठेवता येईल, आणि पंखा पुन्हा गेलाच तर काम बंद पडणार नाही.